वॉरंटशिवाय झडती नको म्हणणारे बाबासाहेब

विंचूर (प्रतिनिधी) - नाशिकहून येवल्याकडे जाणारा रस्ता निफाड ओलांडून विंचूरला येतो आणि पुढे येवल्याची वाट धरतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव निफाड मागे राहते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या धर्मांतराच्या घोषणेची भूमी येवले पुढे असते आणि मध्ये लागते ते सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचे हे गाव. येवले, महाड, नाशिकचे काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षाभूमी ही बाबासाहेबांच्या चरित्रातील पाने या परिसरात लहानथोरांना तोंडपाठ आहेत. त्याच चरित्रातील एक पान मात्र फारसे कुणी उलगडत नाही. नागरिकाच्या घरात, त्याच्या कागदपत्रांत आणि पर्यायाने त्याच्या खासगी संभाषणात सरकारने न्यायालयाच्या परवान्याशिवाय शिरू नये, अशी लेखी मागणी त्यांनी घटना तयार होण्यापूर्वीच केली होती.

आज लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांद्याच्या भावाची चौकशी फोनवर होते, सोयरिकी फोनवर जुळतात, भाऊबंदकीची भांडणेही फोनवरच होतात. हे सारे तिसऱ्या कानाने ऐकायचे झाल्यास त्याची परवानगी कोणी द्यायची, न्यायाधीशाने की सरकारी अधिकाऱ्याने, हा प्रश्न त्यामुळे केवळ दिल्ली-मुंबईच्या पुढाऱ्यांपुरता उरलेला नाही.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील लष्करात सुभेदार. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनला अर्थशास्त्र व कायद्याच्या अभ्यासासाठी गेले असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी त्यांना परतावे लागले.

बडोद्यात जे घडले ते अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते व ते योग्यच आहे. पण त्या प्रसंगाला आणखी एक पदर आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या तरुणाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव लावून आसरा घेतला. रात्री एकट्याने बसावे, पुस्तकांत मन रमवावे आणि कोणी ओळखू नये म्हणून जीव मुठीत धरून राहावे, असे काही दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा जण जिन्यावरून वर आले, त्यांनी खोलीसमोर उभे राहून जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावले. त्या दिवशी मुंबईची गाडी येईपर्यंत बाबासाहेबांनी कामाठी बागेत वेळ काढला. आपल्या दाराची कडी आतून लावण्याचा अधिकार किती मोलाचा असतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढे सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी, १९२० साली पुन्हा लंडन, आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन मायदेशी परत, असा प्रवास झाला. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत संसार आणि ग्रंथ एकत्र नांदत होते. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी १९३०च्या दशकात राजगृह बांधले ते प्रामुख्याने पुस्तकांसाठी, हे सर्वश्रुत आहे. चाळीत दोन खोल्यांत अभ्यास केलेल्या माणसाला स्वतंत्र अभ्यासिकेची ओढ का असते, हे वेगळे सांगायला नको.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हाती घेतले आणि तेव्हापासून इंग्रज सरकारच्या गुप्त पोलिसांचे लक्ष त्यांच्याकडे वळले ते कायमचे. सभा कोठे झाली, वक्ते कोण होते, श्रोते किती होते, पुढचा बेत काय ठरला, याची टिपणे पोलीस करीत आणि मुंबई इलाख्याच्या गुप्त गोषवाऱ्यांत ती नोंदली जात. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली आणि सत्याग्रह पुढे अनेक वर्षे रेंगाळला. या काळात नाशिक जिल्ह्यातील आघाडी दादासाहेब गायकवाड सांभाळीत होते. बाबासाहेब त्यांना मुंबईहून, प्रसंगी परदेशातूनही पत्रे पाठवीत. सत्याग्रह कधी थांबवावा, कोणावर विसंबावे, पैशाची व्यवस्था कशी करावी, अशा कितीतरी गोष्टी त्या पत्रांत होत्या. ही पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आणि आज ती इतिहासाचे साधन आहेत. परंतु लिहिली गेली तेव्हा ती दोन सहकाऱ्यांमधील विश्वासाची बाब होती. अशी पत्रे अडवून उघडण्याचा अधिकार सरकारने १८९८च्या पोस्ट कायद्याच्या कलम २६ने आधीच स्वतःकडे घेऊन ठेवला होता, तर तारांबाबतचा तसाच अधिकार १८८५च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ५ने. मुंबई-कलकत्त्याला टेलिफोन येऊन त्या वेळी जेमतेम तीन वर्षे झाली होती. तारेसाठी केलेला हा कायदा पुढे टेलिफोनला लागू झाला आणि स्वतंत्र भारतात मोबाइललाही.

गुप्त टिपणांची ही परंपरा महाराष्ट्राला नवी नव्हती. लोकमान्य टिळक काही वर्षे पुण्यात ज्या विंचूरकर वाड्यात भाड्याने राहिले, तो याच गावच्या सरदारांचा. तेथून ते गायकवाड वाड्यात गेले आणि १९०८ साली पोलिसांनी त्या घराची झडती घेतली. झडतीत सापडलेल्या एका पोस्टकार्डावर स्फोटकांविषयीच्या पुस्तकांची नावे लिहिलेली होती. राजद्रोहाच्या खटल्यात हा चिटोरा सरकारने पुरावा म्हणून पुढे केला. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती लेखांबद्दल, पण घरातील कागदाचा कपटाही माणसावर कसा उलटवता येतो, हे त्या पोस्टकार्डाने साऱ्या देशाला दाखवले.

वकील म्हणून बाबासाहेबांनी चालविलेला एक खटला येथे आठवल्यावाचून राहत नाही. र. धों. कर्वे यांचे समाजस्वास्थ्य हे मासिक लैंगिक आरोग्याविषयी मोकळेपणाने लिहीत असे. वाचक आपल्या अत्यंत खासगी अडचणी पत्राने विचारीत आणि कर्वे उत्तरे छापीत. या उत्तरांना अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बाबासाहेब. लोकमत पूर्ण विरोधात, स्वतःच्या चळवळीला या खटल्याचा फायदा काहीच नाही आणि झालाच तर तोटा, अशी परिस्थिती होती. खटला हरला व कर्व्यांना दंड झाला. तरीही बाबासाहेबांच्या वकिलीतील हे एक मोठे काम म्हणावे लागेल.

येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची. आपण हिंदू म्हणून मरणार नाही, हा निश्चय त्यांनी तेथे जाहीर केला. पुढील वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष, १९३८च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांची परिषद, १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते, हा सारा धावपळीचा काळ. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष आहे १९४७.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी घटना समितीकडे एक निवेदन दिले. ते पुढे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने पुस्तकरूपाने निघाले. शेती व प्रमुख उद्योग सरकारी मालकीचे असावेत, या त्यातील मागणीची चर्चा विद्वानांत पुष्कळ झाली. मात्र मूलभूत हक्कांच्या यादीत त्यांनी एक कलम घातले होते, त्याकडे दुर्लक्ष झाले. नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे आणि सबळ कारण शपथेवर मांडल्याखेरीज, तसेच झडतीची जागा व जप्त करावयाची वस्तू किंवा व्यक्ती नेमकी नमूद केल्याखेरीज कोणतेही वॉरंट निघू नये, असा त्याचा आशय होता.

हे कलम अमेरिकेच्या घटनेतील १७९१ सालच्या चौथ्या दुरुस्तीवर बेतलेले होते. इंग्रज राजवटीत अमेरिकन वसाहतींमध्ये अधिकाऱ्यांना सरसकट परवाने दिले जात. असा परवाना खिशात असला की कोणाच्याही घरात शिरावे, कोणताही पेटारा उघडावा. त्या जाचातून ही दुरुस्ती जन्माला आली. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांना तिचे मोल उमगले असल्यास नवल नाही. या शब्दांनी फोन आपोआप सुरक्षित झाला असता, असे मात्र कोणी समजू नये. खुद्द अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये, घरात प्रत्यक्ष पाऊल न टाकता बाहेरच्या तारेवरून संभाषण ऐकणे ही झडतीच नव्हे, असा निकाल दिला होता. तो फिरवायला १९६७ साल उजाडले. परंतु कलम घटनेत असल्यामुळेच तो फिरवता आला. भारतात फिरवायला मुळात कलमच नव्हते.

ते का नव्हते, याची हकिगत चटका लावणारी आहे. घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीत आचार्य कृपलानी अध्यक्ष आणि बाबासाहेब सदस्य होते. कन्हैयालाल मुनशी यांनीही याच धर्तीवरचा मसुदा दिला होता. उपसमितीने झडतीविरुद्धचा हक्क तर स्वीकारलाच, शिवाय पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्कही यादीत घातला. त्यावर घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी हरकत घेतली. प्रत्येक झडतीला न्यायालयाचे वॉरंट लागले तर पोलीस तपास खोळंबेल, आणि पत्रांना असे घटनात्मक कवच दिले तर न्यायालयांत पुरावा म्हणून ती दाखल करणेही अवघड होईल, असे त्यांचे म्हणणे होते. हे आक्षेप पोकळ नव्हते. दंगली आणि फाळणीच्या छायेत तो देश होता आणि कित्येक खेड्यांपासून मॅजिस्ट्रेट दूर अंतरावर बसे. एप्रिल १९४७ मध्ये सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने दोन्ही हक्क वगळले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला बंगालचे साम्यवादी सदस्य सोमनाथ लाहिरी यांनी पत्रव्यवहाराच्या खासगीपणाचा हक्क पुन्हा सुचवून पाहिला, पण त्यांना यश आले नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये बाबासाहेब कायदामंत्री झाले आणि त्याच महिन्यात मसुदा समितीची स्थापना होऊन तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मसुद्यात झडतीचे कलम नव्हते. समितीचा अध्यक्ष हा आधी झालेल्या निर्णयांना बांधलेला असतो, हे लक्षात घ्यायला हवे. पण डिसेंबर १९४८ मध्ये संधी चालून आली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जवळजवळ त्याच शब्दांची दुरुस्ती सभागृहात मांडली. सरकार पक्षाने ती फेटाळावी, हाच रिवाज. बाबासाहेबांनी उठून ती स्वीकारली! ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, तथापि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हितासाठी ती घटनेत घालून विधिमंडळाच्या हातापलीकडे ठेवणे इष्ट ठरेल, असे त्यांनी सांगितले. सभागृहात चलबिचल झाली. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी विषय तूर्त राखून ठेवावा असे सुचविले, पंडित नेहरूंनीही तो नंतर घ्यावा असे मत दिले. पुढे प्रत्यक्ष मतदान झाले तेव्हा दुरुस्ती नामंजूर झाली. मसुदा समितीच्या अध्यक्षाने स्वीकारलेली दुरुस्ती सभागृहाने नाकारावी, असे प्रसंग विरळाच.

येथे एक बाब स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. बाबासाहेब प्रत्येक वेळी सरकारच्या हातात बेड्या घालायला निघाले होते, असे नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेला घटनेत जागा मिळाली ती त्यांच्याच देखरेखीखाली, आणि १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीत अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंध वाढले तेव्हा त्यांनी संसदेत तिचे समर्थन केले. मात्र सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी मांडलेल्या आणि पुढे कलम २२ म्हणून ओळखल्या गेलेल्या तरतुदीने, अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे, हा दंडक घातला. शरीर ताब्यात घेतले तर न्यायाधीशाला दाखवा, हे तत्त्व घटनेत आले. घर, कागद आणि संभाषण मात्र या दंडकाबाहेर राहिले.

घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. १९५२च्या निवडणुकीत मुंबईतून पराभव, त्यानंतर राज्यसभा. ते राज्यसभेत असतानाच मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठाने एम. पी. शर्मा खटल्यात निर्णय दिला. घटनाकारांनी अमेरिकेसारखा खासगीपणाचा हक्क घटनेत घातलेला नाही, तेव्हा तो ओढूनताणून आणता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. ज्या घटनाकाराने तो घालावा म्हणून दोनदा प्रयत्न केला, तो त्या वेळी दिल्लीतच होता, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६ अलीपूर रोड या निवासस्थानी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

गाळलेल्या कलमाची किंमत नंतरच्या पिढ्यांनी मोजली. १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात पोलिसांनी रात्री-अपरात्री दार ठोठावणे न्यायालयाने बेकायदा ठरविले, पण खासगीपणाचा हक्क मानला नाही. १९७२ मध्ये प्रश्न थेट फोनचा आला आणि तो महाराष्ट्रातूनच. मुंबईच्या कॉरोनरवरील लाचखोरीच्या मलकानी खटल्यात पोलिसांनी एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून संभाषण ध्वनिमुद्रित केले होते. तो पुरावा ग्राह्य धरला गेला. निर्दोष नागरिकाच्या फोनमध्ये मनमानी ढवळाढवळ नको, मात्र त्याचा आडोसा गुन्हेगाराने घेऊ नये, असे न्यायालयाचे मत पडले. गुन्हेगार कोण हे फोन ऐकण्यापूर्वी कोणी ठरवायचे, हा कळीचा मुद्दा तसाच राहिला.

फोनवरील संभाषण हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, हे मान्य व्हायला १८ डिसेंबर १९९६ उजाडावा लागला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली. आदेश गृहसचिवांचाच हवा, तो दोन महिन्यांपुरताच, कमाल मुदत सहा महिने, आणि वर आढावा समिती. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी सक्तीची करावी, ही मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. कायद्यात तशी तरतूद नसल्याने ती अट घालता येणार नाही, असे ठरले. महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९च्या मोक्का कायद्याने फोन ऐकण्याची स्वतंत्र व्यवस्था केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पुन्हा वैध ठरविली. टोळीयुद्धाने मुंबई पोखरली होती तो काळ ज्यांना आठवतो, ते पोलिसांची गरज नाकारणार नाहीत. पण गरज मान्य करणे वेगळे आणि ती तपासणारा त्रयस्थ नसणे वेगळे. राजकीय नेत्यांचे फोन बेकायदा ऐकल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये पुणे आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले, ते सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये एका लाच प्रकरणात सीबीआयला दिलेले फोन ऐकण्याचे तीन आदेश याच न्यायालयाने बेकायदा ठरवून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली होती.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले आणि १९५४चा निर्णय मोडीत काढला. त्या निकालपत्रात करीमुद्दीन यांची दुरुस्ती आणि बाबासाहेबांनी तिला दिलेली मान्यता, दोन्हींची नोंद आहे. घटना समितीच्या जाड खंडांत पडून राहिलेला तो प्रसंग जवळपास ६९ वर्षांनी न्यायालयात असा कामी आला.

बाबासाहेबांवर ठेवलेल्या पाळतीचे कागदही आता उघडे आहेत. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये आंबेडकरी चळवळीच्या मूळ साधनांचा पहिला खंड काढला, त्यात पोलिसांच्या गुप्त गोषवाऱ्यांतील नोंदी छापल्या आहेत. अभ्यासकांना त्यांचा मोठा उपयोग होतो, हेही तितकेच खरे.

 १८८५च्या टेलिग्राफ कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२३च्या दूरसंचार कायद्याचे फोन अडविण्याविषयीचे कलम २० जून २०२४ मध्ये अमलात आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नियम निघाले. आदेश केंद्रात केंद्रीय गृहसचिवांनी व राज्यात राज्याच्या गृहसचिवांनी द्यायचा आहे. तातडीच्या प्रसंगी तपास यंत्रणेचा प्रमुख आधी फोन ऐकू शकतो, मात्र कामकाजाच्या सात दिवसांत मंजुरी घ्यावी लागते. राज्याच्या आढावा समितीत मुख्य सचिव अध्यक्ष असतात, सोबत विधी विभागाचे सचिव आणि आणखी एक सचिव. दोन महिन्यांतून किमान एकदा ही समिती बसते. तिच्यात न्यायाधीश नाही.